वाढायला कुठं इंग्रजी लागतंय?

...आणि वर मलाच म्हंत्यात, आबा, तुमी फोनवर बोलू नका. का? माझं त्वांड वासतंय व्हय फोनमधनं? पोटचं पोरगं, उदयसिंह, कागलच्या फाईव्ह स्टार एमआयडीसीत दिसभर मशीनवर हुबं ऱ्हातंय, घरात आलं की बोलायला जीव नसतोय त्येच्यात, पण बापाला दम द्यायचा म्हटलं की कुठनं ताकद येतीया कुणास ठाऊक. "आबा, आद्याचा फोन आला की नुसतं 'बरा हाईस का' इचारायचं आन फोन हिकडं द्यायचा. सल्ला द्यायचा न्हाय." सल्ला द्यायचा न्हाय म्हणं. मग आज्यानं करायचं काय? हवापाणी सांगायचं? हितं ऊन हाय, तितं पाऊस हाय, झालं, ठेव फोन?

बसा की पावणं, हुबं का? बसा, सांगतो. एका दमात सांगतो, मधी इचारू नका, न्हायतर माझं कुठलं कुठं जातंय.

आद्या म्हंजे आदर्श, माझा नातू. एकुलता एक. इंग्लंडला शिकायला गेलाय. काय शिकालाय ते मला इचारू नका, मालाचं खोकं हिकडनं तिकडं कसं न्यायचं ह्येचं शिक्षण हाय म्हणं. आता खोकं न्यायला शिकायला लागतंय व्हय? आमी मार्केट यार्डात गुळाच्या ढेपा न्हेल्या, कुणी सर्टिफिकेट मागितलं न्हाय. पण असू दे. तर तितं शिकणाऱ्या पोरांनी आठवड्याला वीस तास काम करायला सरकारची परवानगी हाय, आन ते काम मिळालं तरच खोलीचं आन पोटाचं भागतंय. न्हाय मिळालं तर पोरगं नाताळाला बॅग भरून माघारी. शिक्षण अर्धं, त्वांड काळं. असा सगळा विषय. आन काम कुठं अडलं? तर इंग्रजीत. पोराला लिवता येतंय, वाचता येतंय, पण बोलायचं म्हटलं की घसा असा धरतोय, जसं कुणी मुंडी दाबल्या.

आन ते कुणामुळं, म्हणशीला तर... थांबा, त्येच्यावर येतो. आधी मी कोण ते सांगू दे.

गडमुडशिंगीत कुणाला बी इचारा, कृष्णात वाढपी कोण म्हणून. चाळीस वर्सं गावातलं एक बी मोठं जेवाण माझ्याशिवाय उठल्यालं न्हाय. लगीन, बारसं, वास्तुक, गावाची म्हाई... म्हाई म्हंजे जत्रंचं मटणाचं जेवाण, हजार-बाराशे पान उठतंय एका दुपारी. शिजवायला आमचा मीरासाब, आन वाढायला मी. मीरासाब चुलीपाशी राजा, मी पंगतीत राजा. हातात रश्श्याची बादली, दुसऱ्या हातात वगराळं, आन पाठीमागनं माझी धा-पंधरा पोरं, कुणाकडं भाकरी, कुणाकडं भात, कुणाकडं कांदा-लिंबू. माझ्या पंगतीतनं माणूस उठला तर पट्टा सैल करूनच उठायचा. न्हाय उठला तर माझी झोप उडायची.

आद्या सातवी-आठवीत असताना ते बी माझ्यासंगं यायला लागलं. हाताला हलकं हुतं पोरगं. एक थेंब सांडायचं न्हाय. आता झालं कसं, की आमच्या बाळासो मास्तरांची इंग्रजीची शिकवणी असायची सोमवारी, बुधवारी आन शुक्रवारी सांजंला, त्येंच्या बाहीरच्या सोप्यात. आन लग्नसराईत जेवाण कवा असतंय? सांजंलाच की. मग मी काय करायचो, शिकवणीच्या टायमाला मास्तरांच्या दारात जायाचो आन बाहीर हुबा ऱ्हाऊन हाळी द्यायचो, "आद्या, चल रं, पान मांडल्यात." पोरगं वही मिटायचं की माझ्या पुढं पळायचं. खुशीनं पळायचं, खोटं कशाला बोलू. पर ते पोरगंच हुतं. म्हातारा मी हुतो.

एक दिस मास्तर घरी आलं. गरीब माणूस, आवाज चढवायचा न्हाय कवा. म्हणालं, "कृष्णात, पोरगं हुशार हाय, नुसतं बोलायला लाजतंय. दोन वर्सं नीट बसू दे माझ्याकडं, जीभ सुटंल त्येची." आता नेमकं त्या दिशी घरात पुरणपोळीचं जेवाण हुतं, धा पावणं बसल्यालं, आन मला लोकांत बोलायची खुमखुमी. म्या म्हटलं, "मास्तर, तुमी वरीसभर शिकवलासा, पोरगं घरात येऊन एक शबुद बोलत न्हाय. मी एका सांजंत शिकवलं, पोरगं तीनशे माणसं जेवायला घालतंय. कोण मोठा मास्तर? आन वाढायला कुठं इंग्रजी लागतंय?"

धा पावणं हसलं. पोटं धरून हसलं. मास्तर जेवलं. मी त्येंच्या ताटात तीन पोळ्या जास्तीच्या वाढल्या, ते बी त्येनी गप खाल्ल्या, हात धुतला आन गेलं. त्येनंतर आद्या शिकवणीला कवा गेलं न्हाय. मी बी इचारलं न्हाय.

आता वाटतंय ना मला, त्या पोळ्या परत घेता आल्या असत्या तर... जाऊ दे.

मग पोरानं डिप्लोमा केला, बापासारखं एमआयडीसीत लागलं, आन दोन वर्सात त्येच्या डोस्क्यात परदेस शिरला. इंग्रजीची परीक्षा असती म्हणं जायला. ती ह्यो गडी पास झाला. कसा? पाठ करून. लिवायचं पाठ केलं, बोलायचं पंधरा मिनिटांचं हुतं, ते बी पाठ केलं. सकाळी म्हशीच्या धारा काढताना पुटपुटायचं, ती म्हस अजून इंग्रजी ऐकल्याबिगर पान्हा सोडत न्हाय, सुनंला इचारा. तर पास झालं, इमानात बसलं, शेफिल्ड म्हणून गाव हाय तितं उतरलं. आन तितं उतरल्यावर कळालं, की तितली माणसं पुस्तकातलं इचारतच न्हाईत.

कामाला म्हणून पोरगं दुकान-दुकान हिंडालतं. हातात आपल्या माहितीचा कागद, आन पावसात भिजू ने म्हणून तो कोटाच्या आत. एका बेकरीत गेलं. तितली मालकीण बाई चांगली हुती, हसत बोलली. आता ह्येनं काय केलंतं, "तुमच्याविषयी सांगा" ह्या प्रश्नाचं उत्तर घोटून ठेवलंतं. ती बाई इचारालती, शनिवारी सकाळी येशील काय? ह्यो सांगालता, माझं नाव आदर्श, माझ्या वडलांचं नाव उदयसिंह, माझ्या घरी चार माणसं आन दोन म्हशी हाईत, मला वाचनाचा छंद हाय. बाई म्हणाली, बरं बरं, पर शनिवारी? ह्येनं छंद परत सांगितला. कसला छंद? गावात असताना पेपर बी वाचत न्हवतं पोरगं.

मग एका गोडाऊनवाल्यांचा फोन आला, फोनवरच मुलाखत. फोनवर तर समोरच्याचं त्वांड बी दिसत न्हाय, मग ह्येनं धोरण ठरवलं, काय बी इचारलं तरी 'येस' म्हणायचं. गोडाऊन हाय, खोकी उचलायची हाईत, न्हाय कशाला म्हणायचं? तिकडनं इचारलं, उभ्यानं काम करशील? येस. पहाटं येशील? येस. कंबरंचं काय दुखणं हाय? येस. पोलिसात कवा गुन्हा लागलाय तुझ्यावर? येस. फोन ठेवला त्येनी. ह्यो आपला चार दिस वाट बघालाय, आईला सांगालाय, मुलाखत झ्याक झाली, एका बी प्रश्नाला अडलो न्हाय.

असं करत दीड महिना गेला. सांजंला आमच्याकडं सहा वाजलं की तिकडं दुपार असती, तवा फोन यायचा. सून फोन तांब्याला टेकून ठेवायची, आन पोराचं त्वांड त्यात. दर दिशी जरा बारीक. म्या म्हटलं, आता ह्यात पडलं पायजे. फोन वढून घेटला सुनंच्या म्होरनं आन म्हटलं, "आद्या, लेका, तू मागतोस कशाला काम? काम मागायचं नसतंय. हाटेल बघ एखादं, आपल्या जेवणाचं. तितं वाढप्याचं काम धर. तुझ्या हातात हाय ते. वाढायला कुठं इंग्रजी लागतंय?"

पोरगं इचारात पडलं. आन मग, मला दिसलं की फोनमदी, त्येच्या तोंडावर जरा उजेड आला. म्हणालं, "आबा, खरंय तुमचं."

बघा, म्हणजे तवा त्येनंच म्हटलंतं, खरंय तुमचं. ह्ये उदयसिंह सांगत न्हाय कुणाला.

हाटेल मिळालं. मालक सरदार, जालंधरकडचा, हिंदी बोलणारा, त्यामुळं मालकाशी अडचण न्हाय. गिऱ्हाईक मातर सगळं गोरं. मालक म्हणाला, शनिवारी ये, एक सांज बघतो तुला, जमलं तर ठेवतो. मग काय, गुरुवारी आन शुक्रवारी म्या त्येची तालीमच घेटली. फोन तांब्याला टेकवला, सोप्यात चार पाट मांडलं, पाटावर उदयसिंह, सून, शेजारची दोन पोरं बसवली, आन वगराळं घेऊन दाखवलं सगळं. वाकायचं किती, बादली कुठल्या अंगाला धरायची. म्हटलं, पोरा, मोकळं ताट दिसलं की वाढप्याची अब्रू गेली म्हणून समजायचं. जेवणारा मागणार न्हाय. चांगल्या घरचा माणूस मागत नसतोय, आपण वळखायचं. पहिलं 'नगं' म्हंजे रीत. दुसरं 'नगं' म्हंजे लाज. आन ताटावर आडवा हात धरला, की समजायचं अजून दोन वगराळी बसत्यात.

फोनमधनं पोरगं मान हलवालतं. वहीत लिवून घेतलं त्येनं. मास्तरांच्या वहीत काय लिवलं न्हाय, माझं लिवून घेतलं.

आता शनिवारी काय झालं ते मला आद्यानं सांगितल्यालं न्हाय. ते त्येनं आईला सांगितलं, आईनं उदयसिंहाला, आन उदयसिंहानं मला, ते बी अशा आवाजात की गल्लीतल्या कुत्र्यास्नी बी कळालं. तर ऐका.

हाटेल भरल्यालं. ह्येचं काम येवढंच, की आतनं आल्यालं ताट न्यायचं, टेबलावर ठेवायचं, माघारी यायचं. तासभर केलं त्येनं तसं. पर नजर पंगतीची हो. नजरंला कोण काय करणार? बघतंय तर एका टेबलावर दोघं नवरा-बायको, त्येंच्याम्होरं येवढी येवढी वाटी, त्यातली आमटी संपल्याली, आन भात तसाच कोरडा. कोरडा भात. माणसं बसल्यात आन भात कोरडा. तुमीच सांगा, आपल्यात असं झालं तर वाढप्याला पारावर बसू देतील काय? पोरगं आत गेलं, रश्श्याचं भांडंच उचललं, वगराळं घेटलं. आतल्या आचाऱ्याला वाटलं, मालकानंच सांगितलं असंल.

पहिल्या टेबलावर गेलं आन वाढलं. नवरा-बायको खूश. त्येनी काय मागितलंच न्हवतं की. दुसऱ्या टेबलावर वाढलं. ते बी हसलं, काय तरी बोललं, ह्येला कळालं न्हाय, ह्येनं आणिक एक वगराळं घातलं. आता पोराच्या अंगात पंगत शिरली. त्वांडातनं इंग्रजी तर येत न्हवतं, मग आपलं सुरू, "जेवा, जेवा, सावकाश हुं दे, रस्सा घ्या की." शेफिल्डात. मराठीत.

तिसऱ्या टेबलावर एक उंच गोरा, शेजारी बायको. पांढराशिपट शर्ट. त्येनं भांडं येताना बघितलं आन ताटावर हात धरला.

आडवा.

आता तुमी पंगतीत बसल्यालं माणूस हाय, तुमास्नी ठावं हाय. आपल्यात हात आडवा धरत्यात, वाढपी वगराळं वाकडं करतोय, आन रस्सा पडायच्या अगुदर अर्ध्या क्षणाला हात सरकतोय. नेमका. हे कुणी शिकवत न्हाय. वाढणाऱ्याला ठावं असतंय, जेवणाऱ्याला ठावं असतंय, पिढ्यानपिढ्या चालत आलंय. चाळीस वर्सात माझ्या वगराळ्याखाली एक हात सापडला न्हाय. आद्या हसलं, "घ्या की पावणं" म्हणालं, आन वगराळं वाकडं केलं.

गोऱ्याचा हात सरकला न्हाय. कसा सरकंल? त्येच्या हाताला कुणी शिकवलंच न्हवतं.

रस्सा हातावर, हातावरनं बाहीत, बाहीतनं मांडीवर. भाजलं न्हाय, रस्सा निवला हुता, तेवढी देवाची किरपा. गोरा ताडकन हुबा. आता 'सॉरी' तर शेंबड्या पोराला बी येतंय. पर आद्याच्या त्वांडातनं ते बी न्हाय निघालं. मग हात काय करणार? हाताला जे ठावं ते हातानं केलं. टेबलावरचा पाण्याचा जग उचलला, म्हटलं पावण्याचा हात तरी धुवू. घातलं पाणी हातावर. खाली गालिचा, गालिच्यावर गोऱ्याच्या बायकोची पिशवी, सगळं चिंब.

मालक पळत आला, "ओय, शादी का पंडाल समझ रखा है क्या?" एप्रन तितंच काढून घेटला. माणसांच्या म्होरं. पोरगं मागच्या दारानं बाहीर, पावसात.

हे सगळं सांगून उदयसिंह मला म्हणाला, "आडवा हात धरला तरी वाढायचं, हे कुणी सांगितलंतं त्येला?" मी म्हशीकडं बघालतो. म्हस माझ्याकडं बघालती. तिला बी इंग्रजी येतंय माझ्यापरास जास्ती.

त्येनंतर तीन आठवडं आद्या माझ्याशी बोललं न्हाय. फोन यायचा, आईशी बोलायचं, बापाशी बोलायचं. मी सुनंच्या पाठीमागं हुबा, म्हंजे त्येला दिसावा असा हुबा, तर नजर बाजूला घ्यायचं. रागानं न्हवं हो. राग आला असता तर बरं झालं असतं, शिव्या घातल्या असत्या, मोकळं झालं असतं. लाजत हुतं. आज्याचं ऐकलं ह्याची लाज, का आज्याला फसल्याला दिसलो ह्याची, ते मला अजून कळालं न्हाय. एकदा सून आत गेल्याली, फोन तसाच तांब्याला टेकल्याला, मी म्होरं गेलो. डोळं आत गेल्यालं. हातात पाव, नुसता. म्या म्हटलं, "जेवलास काय?" म्हणालं, "व्हय आबा." आन पाव खाली ठेवला, मला दिसू ने म्हणून. वाढप्याचा नातू, आन जेवल्याचं खोटं सांगालाय.

मीरासाबला जाऊन सांगितलं सगळं. वाटलं, चाळीस वर्सांचा दोस्त, धीर देईल. तो म्हणाला, "कृष्णात, माझा झिशान दुबईला गेला तवा म्या त्येला काय सांगितलं ठावं हाय?" म्या म्हटलं, काय? म्हणाला, "काय बी न्हाय. मला दुबईतलं काय कळतंय? तुला इंग्लंडातलं काय कळतंय?" आन चुलीत लाकूड सारलं. असला दोस्त.

खरं सांगू? तुमच्या देखत सांगतो, आता लाजून काय करायचंय. माझं एक मन म्हणालतं, येऊ दे माघारी. नाताळ तर नाताळ. येऊ दे, हितं म्हाईत वाढंल, माझी बादली धरंल, मला आता झेपत न्हाय ती. असं मन म्हणालतं. आन मग तो पाव दिसायचा.

शेवटी गेलो मास्तरांच्या घरी. मास्तर आता ऐंशीला टेकल्यात, एका कानानं कमी येतंय. मला बघून म्हणालं, "कोण, कृष्णात? वाढायला आलास व्हय?" म्या म्हटलं, "न्हाय मास्तर. मागायला आलोय." सगळं सांगितलं. मला वाटलं आता त्या पोळ्या काढत्यात. न्हाय काढल्या. एवढंच म्हणालं, "फोन तुझा आण. माझ्या फोनात चित्र दिसत न्हाय."

मग रोज सांजंला सहा वाजता, मास्तरांच्या सोप्यात, त्याच सोप्यात बरं का, फोन भिताडाला टेकवून शिकवणी. मास्तर दुकानदार व्हायचं, आद्या कामाला आल्यालं पोरगं. मास्तर मुद्दाम भराभरा बोलायचं, नाकातनं, अर्धं गिळायचं, गोऱ्यासारखं. आन मी कोपऱ्यात, पोत्यावर, त्वांडाला कुलूप. एक दिस न राहवून "आद्या, मोठ्यानं बोल की" म्हटलं तर मास्तरांनी मला बाहीर घालवला. ऐंशीच्या माणसानं पंच्याहत्तरच्या माणसाला वर्गाच्या बाहीर. चौथीत तीन येळा बसलो तवा बी कुणी बाहीर काढलं न्हवतं.

पंधरा दिस मास्तरांनी एकच वाक्य घोटून घेटलं. 'मला कळालं न्हाय, परत सांगता काय?' इंग्रजीत. वेगवेगळ्या तऱ्हंनं. म्या येताना इचारलं, मास्तर, कळत न्हाय हे सांगायला कशाला शिकवायचं, ते तर त्वांडावर दिसतंय. मास्तर म्हणालं, "ज्येला परत सांगा म्हणता येतंय, त्येला सगळं इंग्रजी येतंय. तुला मराठीत तरी येतंय काय, बघ."

म्या चपला घातल्या आन घर गाठलं.

नाताळाच्या धा दिस आधी काम लागलं. म्हाताऱ्या माणसांचं घर असतंय तिकडं, पोरं-बाळं ठेवून जात्यात तितं. त्येच्या सैपाकघरात, ताटं धुवायची, लावायची, गाडीवरनं खोल्याखोल्यात न्यायची. मुलाखतीला बाई बसलीती, तिला ह्येनं तीन येळा 'परत सांगता काय' म्हटलं. बाई चिडली न्हाय. म्हणाली, "आमची म्हातारी माणसं बी दर वाक्याला हेच म्हंत्यात. तू शोभशील हितं."

आन मग एका रविवारी पोरानं आपण होऊन म्हटलं, आईला, की आबांस्नी दे फोन. म्या दोन्ही हातांनी फोन धरला. म्या ठरवल्यालं बोललो, "बरा हाईस का?" आन उदयसिंहाकडं बघितलं. उदयसिंह म्हणाला, "बोला, बोला." फोन घेऊन मी सोप्यात येकटाच जाऊन बसलो, आद्या सांगाय लागलं. तितं आर्थर म्हणून एक म्हातारा हाय, माझ्यापरास मोठा. बायको गेल्यापासनं जेवतच न्हाय. आद्या म्हणालं, "आबा, हितं नेम हाय. आधी इचारायचं, वाढू काय? नगं म्हणाला तर वाढायचं न्हाय. ताटाला हात लावायचा न्हाय. पर धा मिनिटांनी परत जायाचं आन परत इचारायचं. बाकीची पोरं दोनदा जात्यात. मी तिसऱ्यांदा जातो. तिसऱ्यांदा गेलो की खातोय म्हातारा. बसून बोलतो त्येच्याशी, मला येतंय तेवढं. तो मला चुका सांगतोय."

माझ्या त्वांडावर आलंतं. तुमास्नी काय आलंतं ते ठावं हाय, वाढायला कुठं... गिळलं. पंच्याहत्तर वर्सात पहिल्यांदा त्वांडातली गोष्ट गिळली. नुसतं म्हटलं, "चांगलं करालास पोरा." चार मिनिटं बोललं माझ्याशी. मग म्हणालं, आबा, आर्थरचं धा मिनिटं झालं असतील, जातो.

तर पोराचं झ्याक चाललंय आता. काम टिकलं, शिक्षण टिकलं. मग तुमी म्हणशीला, म्हाताऱ्या, तू कशाला कुरकुरालास?

ऐका. त्या हाटेलाच्या भानगडीनंतर आद्यानं आईला काय शिकवून ठेवलंय, की आई, माणूस नगं म्हणाला की नगं. त्येच्या शब्दाचा मान ठेवायचा. आपण आबांस्नी बी जबरदस्तीनं वाढतो, ते काय बरं न्हाय. आन आमची सून, लेकाचं वाक्य म्हंजे तिला वेद. आता सांजंला मी पाटावर बसतो, ती एक भाकरी घालती, ती संपली की इचारती, "मामा, अजून अर्धी?" मी म्हणतो, नगं. म्हणजे म्हणायचंच असतंय की, जन्मभर पहिलं नगं म्हणत आलोय, चांगल्या घरचा माणूस हाय मी. ती म्हणती, "बरं." आन भाकरीच्या बुट्टीवर फडकं. झालं. आत टीव्ही लावायला.

तिला त्या धा मिनिटांचं आद्यानं सांगितल्यालंच न्हाय. ते मला येकट्याला सांगितलंय. आन मी कसा सांगू? कृष्णात वाढप्यानं आपल्या त्वांडानं 'वाढ' म्हणायचं व्हय?

मी आपला बसून ऱ्हातो पाटावर. धा मिनिटं, कवा पंधरा. मग हात वाळतोय. मग उठतो.